पत्रिकावाले आप्पा आणि मैलाच्या दगडाजवळचा डबा

दूध वर येत होतं, तव्यावरची चपाती फुगली होती आणि स्नेहल एका पायात चप्पल अडकवून दुसरी शोधत होती, नेमकी तेव्हाच दाराची कडी वाजली. सुलक्षणाबाईंच्या घरी या वेळी कडी वाजवायची कुणाची छाती होत नाही. सुनेची कुरकुंभच्या कंपनीची बस न्हावऱ्याच्या चौकात नुसती थांबल्यासारखी करते आणि निघते. ती चुकली की सगळ्या घराची सकाळ तिच्या मागे धावते, हे आळीला पाठ आहे.

"अहो, कोण आलंय बघा," सुलक्षणाबाई आतूनच म्हणाल्या.

आनंदराव पडवीतल्या खुर्चीत मोबाईल नाकाजवळ धरून बसले होते. त्यांनी खिडकीतून बाहेर नजर टाकली, मोबाईल खिशात घातला, दोरीवरचा टॉवेल ओढला आणि तडक न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली. त्यांची आंघोळ पहाटेच झाली होती.

सुलक्षणाबाईंनी दूध उतरवलं, हात पुसले आणि स्वतःच दार उघडलं. दारात धुरपदा. डोक्यावर पदर, हातात गवती चहाची ओली जुडी. मांडवगण फराट्याच्या रस्त्याला, उसाच्या रानांमधे तिचं पत्र्याचं छोटं हॉटेल आहे. चहा, भजी, फार तर सणासुदीला शेव. येणारा-जाणारा मोटरसायकलवाला तिथं थांबतोच.

"वैनी, आप्पा हायेत का?"

"आंघोळीला गेलेत."

"आत्ता खिडकीत दिसले. भांग पाडलेला व्हता," धुरपदा म्हणाली आणि उंबऱ्याशी टेकली. "बसते मी. हॉटेल उघडायच्या आत माघारी जायचंय. येवढंच इचारायचं हाय, माझं नाव आलं का नेटवर? सारिका दौंडातनं रोज फोन करती. आई, तुझं नाव कुठं दिसंना म्हनती. मी म्हनले, आप्पांनी घालतो म्हनलंय म्हंजी घालणार. त्यांनी आजवर कुणाचं नाव राहू दिलंय का?"

न्हाणीघरात पाणी एकदम जोरात पडायला लागलं.

स्नेहलला दुसरी चप्पल सापडली. तिनं सासूकडे पाहिलं, सासूनं तिच्याकडे. मग ती डबा पिशवीत कोंबून, "येते आई, दुपारी बोलू," असं म्हणत पळाली. सुलक्षणाबाईंनी धुरपदाला तिच्याच गवती चहाचा चहा करून दिला. खरं काय ते त्यांना माहीत होतं. धुरपदाचं नाव येणार नव्हतं. कालच तिसऱ्यांदा नोंद परत आली होती. पण ज्यानं शब्द दिला त्यानंच सांगावं, या विचारानं त्या एवढंच म्हणाल्या, "येतील गं सांगायला ते स्वतः."

"व्हय, सावकाश येऊ द्या. पर आंघोळ उरकू द्या आधी, न्हाईतर टाकी रिकामी हुईल," धुरपदा म्हणाली आणि कप धुऊन ठेवून निघून गेली.

हे सगळं का घडलं ते कळायला आनंदराव म्हणजे काय चीज आहे ते आधी कळलं पाहिजे.

आनंदराव गावच्या दूध संस्थेचे सचिव होते. निवृत्त झाले तरी पंचक्रोशी त्यांना सचिव म्हणून ओळखत नाही. ओळखते ती 'पत्रिकावाले आप्पा' म्हणून. लग्न असो, वास्तुशांत असो, नाहीतर जत्रेचं हँडबिल, मजकूर आप्पांकडून आला पाहिजे. ते काही कवी नव्हेत. त्यांचं कसब वेगळंच. त्यांच्या पत्रिकेत कुणाचं नाव राहत नाही.

ज्यांनी आपल्याकडची लग्नं पाहिली आहेत त्यांना याची किंमत सांगायला नको. जेवणात मीठ कमी पडलेलं चालतं, नवरदेव उशिरा आलेला चालतो, पण पत्रिकेत नाव राहिलं तर भाऊबंद दहा वर्षं बोलत नाहीत. बरं, नाव नुसतं असून भागत नाही. ते कुठल्या रांगेत, कुणाच्या आधी, कुणाच्या खाली, हेही बघावं लागतं. मागे एका लग्नात रखमाजी आणि दगडोबा हे दोघे चुलतभाऊ पहिल्या नावासाठी अडून बसले. आप्पांनी दोघांना एकाच ओळीत घातलं. रखमाजीला म्हणाले, "डावीकडून वाचतात, तुम्ही पहिले." दगडोबाला म्हणाले, "मानाची बाजू उजवी, ती तुम्हाला दिली." दोघंही पत्रिका वाटत गावभर फिरले.

निमंत्रक, संयोजक, स्वागतोत्सुक, आपले नम्र, सगळ्यांत खाली किलबिल, म्हणजे घरातली शेंबडी पोरं, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असं म्हणणारी. हँडबिल असेल तर सौजन्य आणि शुभेच्छुक. आणि प्रत्येक नावाला एक शेपूट. आप्पांचा तो नियमच होता. माणसाचं नाव उघडं छापायचं नाही. प्रगतशील बागायतदार, माजी उपसरपंच, आदर्श गोपालक, काहीच नसलं तर 'युवा नेते'. एकदा एकाला साठीतही युवा नेते केलं होतं. सुलक्षणाबाई हसल्या तेव्हा म्हणाले, "अगं, नाव म्हणजे काय नुसतं अंगावरचं कातडं. वरनं सदरा नको?"

सगळ्यांच्या शेवटी, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात ते स्वतःसाठी एक ओळ ठेवत. 'शब्दांकन : आनंदराव, न्हावरे.' पैसा घेत नसत, मानाचा टॉवेल-टोपी घेत नसत. ही ओळ मात्र सोडत नसत. नवऱ्याला लोभ कशाचा असेल तर तो या ओळीचा, हे सुलक्षणाबाईंना लग्न होऊन आल्यावर लवकरच कळलं होतं, आणि इतका स्वस्त लोभ असलेला नवरा मिळाला म्हणून त्यांना बरंच वाटलं होतं.

आता पत्रिका मोबाईलवरच येतात. पोरं एका अ‍ॅपमधे नावं भरतात, मागे ढोल वाजतो, गुलाब पडतात आणि लग्न गावभर पोचतं. आप्पांकडे येणारं माणूस कमी झालं. दुपारी पडवीत बसून दाराकडे बघायची सवय त्यांना लागली होती.

अशात एकदा स्नेहल मैत्रिणींबरोबर पुण्याकडे एका टेकडीवर जाऊन आली आणि जेवताना तिनं तिथली गंमत सांगितली. जगभर म्हणे लोक एक खेळ खेळतात. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कुणीतरी एखाद्या बघण्यासारख्या जागी छोटा डबा लपवतो, वेबसाइटवर त्याची नोंद करतो, नकाशावर खूण देतो. बाकीचे मोबाईल घेऊन शोधत येतात. डबा सापडला की आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि होता तसा ठेवून द्यायचा.

"आणि बक्षीस काय?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही आप्पा. सापडला हेच."

"काहीच नाही? मग येतात कशाला?"

"शोधायला. आणि नाव लिहायला."

आप्पांचा घास हातातच राहिला. "नाव लिहायला येतात?" त्यांनी पुन्हा विचारलं. सुलक्षणाबाईंनी भाकरीचा दुसरा तुकडा वाढता वाढता ओळखलं, की गेलं हे माणूस.

जागा त्यांनी त्याच आठवड्यात शोधली. धुरपदाच्या हॉटेलाच्या मागे, तिच्या वडिलांकडून तिला आलेल्या रानाच्या पट्टीत, बांधावर एक जुना मैलाचा दगड आहे. रस्ता कधीकाळी तिथून जात होता. पुढे तो सरकला, दगड राहिला. त्यावरचा आकडा झिजून गेला आहे. शेजारी लिंबाचं झाड. जागा छानच होती. पण खेळाचा नियम असा, की ज्याची जमीन त्याची परवानगी पाहिजे. आप्पा धुरपदाकडे गेले.

धुरपदा म्हणाली, "डब्यात काय ठेवणार?"

"कागद. लोक नावं लिहिणार."

"आन् माझं?"

"तुमचं नाव तर नेटवर घालणार. अख्ख्या जगात दिसंल. जागा तुमची ना!"

धुरपदा भज्याचं पीठ कालवत होती. तिचा हात थांबला. नवरा सोडून गेला तेव्हा सारिका कडेवर होती. माहेरी आली, भावांच्या दारात न बसता रस्त्याला पत्रा टाकला, पोरीला शिकवलं, दौंडला चांगल्या घरी दिलं. पण गावच्या पत्रिकांत तिचं नाव कुठल्या रांगेत बसणार? सासरच्यांत ती नाही, माहेरच्या पत्रिकेत भावांची नावं. पोरीच्या लग्नात सुद्धा निमंत्रक म्हणून मामा उभे राहिले. ती नेहमी 'समस्त ग्रामस्थ आणि मित्रपरिवार' या ओळीत असायची, म्हणजे कुठंच नसायची.

"माझं नाव आजवर रेशनकार्डावर आन् लाइट बिलावर छापलंय," ती म्हणाली. "ठिवा डबा. पर नाव घाला आप्पा, इसरू नका."

"धुरपदाबाई, मी आनंदराव आहे," आप्पा म्हणाले. आता यापुढे बोलायला काय राहिलं!

डबा म्हणजे सुलक्षणाबाईंच्या फळीवरचा घट्ट झाकणाचा लोणच्याचा प्लास्टिकचा डबा. तो त्यांना न विचारता गेला. कागद, पेन्सिल ठेवली. एवढ्यावर राहवेना म्हणून आप्पांनी आत अक्षता आणि गुळाचा खडा ठेवला, पाहुण्याला गूळपाणी हवं म्हणून. दोन दिवसांनी स्नेहल बघायला गेली तर मुंग्यांनीच डबा शोधून काढला होता. "आप्पा, आत खायचं काही ठेवायचं नसतं," तिनं सांगितलं आणि डबा धुऊन नवा कागद ठेवला.

मग नोंद लिहायची वेळ आली. आप्पांनी आंघोळ करून, पाटावर बसून ती लिहिली. स्नेहलनं टाइप केली. सुलक्षणाबाईंना ती अजून तोंडपाठ आहे.

'सर्व डबाशोधक बंधू-भगिनींना सस्नेह निमंत्रण. आमचे येथे श्रीकृपेकरून मैलाच्या दगडाजवळ डबा लपवण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून डबा शोधावा, हाच आग्रह. जागा सौजन्य : श्रीमती धुरपदाबाई, सुप्रसिद्ध चहा व गरमागरम भजी सेंटर, बसण्याची उत्तम सोय.' खाली स्वागतोत्सुक, खाली शुभेच्छुक म्हणून पंक्चरवाला संपत, त्याखाली किलबिल. शेवटी शब्दांकन.

"आप्पा, किलबिल कशाला?" स्नेहल हसून लोळायची राहिली.

"नात्यातली पोरं सुटीत येणारेत. बघतील ना नेटवर."

अशा नोंदी छापण्याआधी एक तपासनीस वाचतो. पगारी नव्हे, खेळातलाच कुणी हौशी माणूस. त्याचं उत्तर आलं, फार नम्र. जागा आवडली, दगडाचा फोटो आवडला. पण नोंदीत धंद्याची, दुकानाची, मालाची जाहिरात चालत नाही, तेवढं काढावं.

आप्पांना वाटलं, संपतनं घोटाळा केला. पंक्चरचं दुकान काढलं, सौजन्य काढलं. नवीन लिहिलं, 'शोधून दमल्यास शेजारीच धुरपदाबाईंच्या हॉटेलात आल्याचा चहा घ्यावा.' परत आलं. चहा घ्या असं सुचवायचं नाही.

मग आप्पांनी डोकं चालवलं. कोडं घातलं. 'दगडापासून जवळच्या चहात आलं आहे की गवती चहा? उत्तर कळल्यावर पुढची खूण सापडेल.' ते पाठवताना त्यांची मिशी हसत होती. तेही परत आलं. डबा शोधण्यासाठी कुणाला दुकानात जावं लागेल, काही विकत घ्यावं लागेल, दुकानदाराशी बोलावं लागेल, असं काहीही चालत नाही. खाली त्या भल्या माणसानं लिहिलं होतं, की तुमचं कोडं फार चवदार आहे, पण मला माफ करा.

ते आलं काल. आणि आज सकाळी धुरपदा दारात.

न्हाणीघरातून आप्पा बाहेर आले तेव्हा बोटांची टोकं सुरकुतली होती. दुसरी आंघोळ खरीच करावी लागली होती.

"गेली?"

"गेली. सारिका रोज फोन करते म्हणाली."

"मी ऐकलं," आप्पा म्हणाले आणि न्याहारी न करता पडवीत बसून राहिले.

सुलक्षणाबाईंनी लसूण सोलता सोलता त्यांच्याकडे पाहिलं. संस्थेत दुधाची लबाडी पकडल्याबद्दल लोकांनी शिव्या घातल्या तेव्हा हे माणूस घोरत झोपलं होतं. आज एका नावापायी पोह्यांना हात लावत नव्हतं.

दुपारी स्नेहल आली. हातपाय धुऊन तिघंही पडवीत बसले.

"मला एक सांग," आप्पा सुनेला म्हणाले, "चहाचं त्या लोकांना एवढं वावडं का? चार माणसं आली, धुरपदाच्या दोन कपांची विक्री झाली, कुणाचं काय गेलं?"

स्नेहलनं नियम वाचून दाखवले, समजावलं. आप्पांची मान हलत होती, पण नाहीच्या बाजूनं. तेव्हा सुलक्षणाबाई म्हणाल्या, "अहो, संक्रांतीचं आठवतंय का? कॉलनीतल्या शीतलनं हळदीकुंकवाला बोलावलं होतं."

"कुकरचं?"

"तेच. मी नवी साडी नेसून गेले. कुंकू लावलं, वाण देईल म्हणून बसले. तर आतून एक टाय लावलेला माणूस आला आणि कुकर उघडून दाखवायला लागला. उठता येईना, बायका हसतील म्हणून. शेवटी घेऊन आले. तुम्ही काय म्हणाला होता तेव्हा?"

आप्पांनी मिशीवर हात फिरवला. "आवळा देऊन कोहळा काढला म्हणालो."

"मग? तो खेळ म्हणजे हळदीकुंकू आहे. बोलावलं की नुसतं बोलवायचं. आलेल्यानं खिशाला हात लावायची वेळ येऊ द्यायची नाही. तुमची धुरपदा चांगलीच आहे. पण उद्या प्रत्येक डब्यामागे कुणाचा ना कुणाचा कुकर निघाला तर कोण जाईल शोधायला?"

आप्पांनी मिशीवरचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "नियम बरोबर आहे." आणि थोड्या वेळानं, "पण मी शब्द दिलाय."

उन्हं उतरल्यावर ते तिघं धुरपदाकडे गेले. आप्पांचा गुडघा दुखत होता म्हणून रिक्षा केली. हॉटेलात गिऱ्हाईक नव्हतं. धुरपदानं चहा टाकला. आप्पा बाकड्यावर बसले, टोपी काढली, मांडीवर ठेवली. एवढ्यावरून धुरपदाला काय ते कळलं असावं, कारण तिनं गॅस बारीक केला.

"धुरपदाबाई, नाव बसत न्हाई."

"का?"

"त्यांचा नियम हाय. हॉटेलाचं, चहाचं, भज्याचं काही घालायचं न्हाई. मी तीनदा प्रयत्न केला."

धुरपदानं पदराला हात पुसले. मग सावकाश म्हणाली, "हॉटेलाचं चालत न्हाई, का माझं चालत न्हाई?"

"हॉटेलाचं."

"मग मी कवा म्हनले हॉटेलाचं घाला? माझ्या हॉटेलाला नाव तरी हाय का? वर बघा, पत्रा कोराच हाय. मी म्हनले, माझं घाला."

आप्पांनी खरंच वर पाहिलं. पत्रा कोरा होता.

"मी इतका येळ भज्यासाठी नाव मागत हुते काय?" धुरपदाचा आवाज चढला. "भजी माझी अशीबी खपत्यात. सुप्रसिद्ध सेंटर तुम्ही म्हनला, मी न्हाई. तुमचं हे असंच, आप्पा. माणसाला काय तरी चिकटवल्याबिगर तुम्हाला दिसतच न्हाई. मी नुसती धुरपदा असले तर काय वंगाळ दिसतं का?"

सुलक्षणाबाईंना मधे पडावंसं वाटलं, पण त्यांनी तोंड मिटलं. चाळीस वर्षं ज्या सवयीला त्या गमतीनं हसत आल्या, ती या बाईनं एका वाक्यात समोर मांडली होती. प्रत्येक नावाला सदरा घालणाऱ्या या माणसाला एवढंच सुचलं नव्हतं, की अडत होता तो सदरा, आतलं माणूस अडत नव्हतं.

"नुसतं धुरपदा चालेल का गं?" आप्पांनी सुनेला विचारलं.

"जमीन कुणाची ते लिहिलं तर हरकत नसावी," स्नेहल म्हणाली. मग थोडं घुटमळली. "पण आप्पा, याच्यापेक्षा चांगली जागा आहे. नोंदीच्या सगळ्यात वर एकच ओळ असते. डबा कुणाचा, ती. ज्यानं लपवला आणि जो त्याची देखभाल करतो, त्याचं नाव. पानावर पहिलं दिसतं तेच. आत्ता तिथं तुमचं आहे."

"एकच नाव बसतं?"

"एकच."

"शेजारी-शेजारी, एका ओळीत?"

"नाही आप्पा. डावी-उजवी काही नाही."

चहा उकळून वर आला. धुरपदानं गाळला, कपात ओतला आणि म्हटलं, "ऱ्हाऊ द्या. आप्पांनी डबा घातला, आप्पांचंच ऱ्हाऊ द्या. मी सारिकाला सांगते काय तरी."

आप्पांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, पण प्यायले नाहीत. सुलक्षणाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्या मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ या माणसाला किती प्रिय आहे ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. या वेळी ती ओळ मुंगीएवढी नव्हती, पानाच्या माथ्यावर होती, आणि ती पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नव्हता.

"देखभाल म्हणजे काय काय करायचं असतं?" आप्पांनी विचारलं.

"डबा जागेवर आहे का बघायचं. कागद ओला झाला तर बदलायचा. कुणी सापडला नाही म्हणालं तर जाऊन खात्री करायची."

"हे मला जमायचं न्हाई," आप्पा म्हणाले. "माझा गुडघा असा. या बाई बसल्या जागेवरनं दगड बघतात. डबा यांचाच." मग बशी उचलून एका घोटात चहा संपवला. "काढ माझं नाव. यांचा मोबाईल घे आणि यांच्या नावानं नवीन कर सगळं."

"आप्पा," धुरपदा म्हणाली. ती कांदा चिरायला बसली. भजी कुणी मागितली नव्हती.

स्नेहलनं धुरपदाच्या मोबाईलवर खातं उघडलं. नाव विचारलं तेव्हा आप्पांच्या तोंडून सवयीनं "श्रीमती" निघालंच. धुरपदानं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "धुरपदा. एवढंच लिही."

लपवणारीचं नाव घालायचं तर डबा लपवलाही तिनंच पाहिजे, म्हणून धुरपदानं डबा काढून पुसला आणि दगडामागच्या त्याच कपारीत स्वतःच्या हातानं परत ठेवला. मजकूर आप्पांनी सांगितला. या वेळी पाट नव्हता, आंघोळ नव्हती. भज्यांच्या धुरात डोळे चोळत त्यांनी तो तोंडी सांगितला. 'येथे एक जुना मैलाचा दगड आहे. कितवा मैल ते आता वाचता येत नाही. रस्ता दुसरीकडे गेला, दगड राहिला. जवळच एक डबा आहे. शोधा, नाव लिहा, होता तसा ठेवा. या.'

"शेवटी 'हाच आग्रह' नको का?" सुलक्षणाबाईंनी चिडवलं.

"या म्हटलं की झालं," आप्पा म्हणाले.

तपासनिसाचं उत्तर आलं. या वेळी त्यानं काहीच काढायला सांगितलं नाही. नोंद छापली गेली. पहिला फोन सारिकाचा आला, आणि तो धुरपदाला न येता सुलक्षणाबाईंना आला. ती नुसती "काकू, दिसतंय, आईचं नाव दिसतंय, वरच आहे" असं म्हणत राहिली. दौंडात तिच्या सासूनंही म्हणे चष्मा लावून पाहिलं.

पुढच्या रविवारी पुण्याकडचं एक जोडपं मोटरसायकलवरून आलं, बराच वेळ लिंबाभोवती घिरट्या घातल्या, दोघं दगडापाशी वाकले आणि ओरडले. धुरपदानं ते सगळं बाकड्यावरून पाहिलं आणि अगदी हूं की चूं केलं नाही. संध्याकाळी आप्पा-वैनी चहाला आले तेव्हा तिनं सगळं रंगवून सांगितलं.

"पोरगी दगडावर बसली व्हती, आन् डबा तिच्या टाचंला लागत व्हता, तरी दिसंना! मला हसू आवरंना, तोंडाला पदर लावला. मंग सापडला तवा कशी नाचली, वैनी! कागदावर नाव लिवलं, फोटू काढला. मंग इथं आली, चहा प्याली, आन् मला इचारती, मावशी, हा डबा कुणी ठेवलाय हो? मी म्हनले, मला काय ठावं बाई."

"सांगितलं का नाही?" सुलक्षणाबाई हसल्या.

"कशाला? नेटवर वाचलं आसंल की तिनं."

आप्पा हसले, पण त्यांचं लक्ष बांधाकडे होतं. त्या पोरीनं कुठं पाय ठेवला असेल, कुठं वाकून पाहिलं असेल, ते त्यांना दिसत असावं. सुलक्षणाबाईंना वाटलं, शेकडो घरची निमंत्रणं या माणसानं लिहिली, पत्ता याच्या हातचा, वेळ याच्या हातची. कुठं पोचायचं याचं कोडं याला स्वतःला कधी पडलंच नाही.

आप्पांनी टोपी नीट केली, बाकड्यावर पुढं सरकून बसले.

"धुरपदाबाई, एक मागायचं होतं."

"मागा की, आप्पा."

"तो डबा आहे तिथनं काढा आन् तुमच्या मनाला येईल तिथं लपवा. नकाशावरची खूण स्नेहल बदलून देईल. मला मात्र सांगू नका. मला तो शोधायचाय."